पोट आणि पत

‘पत’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. सावकाराच्या वहीत पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी आणि चार लोकांत पत म्हणजे अब्रू. माझी उमेदीची सारी वर्षे बँकेत कर्जांच्या फायली चाळण्यात गेली, त्यामुळे पहिला अर्थ मला पोटासाठी शिकावा लागला. दुसरा कादंबऱ्या लिहिताना हाताशी आला. दोन्ही अर्थांच्या तळाशी गोष्ट एकच. तुमच्यापाशी खरोखर काय आहे याला महत्त्व थोडे, लोकांना काय आहेसे वाटते याला फार. या एका गोष्टीवर ज्या वाङ्मयाने शंभर-सव्वाशे वर्षे सतत लिहिले, ते सोळाव्या-सतराव्या शतकांतले स्पॅनिश वाङ्मय. स्पॅनिशमध्ये या पतीला ‘ओन्रा’ म्हणतात.

त्या काळाला स्पेनचे सुवर्णयुग म्हणण्याची पद्धत आहे. त्याची दोन अपत्ये जगभर गेली. एक तिथले नाटक: लोपे दे व्हेगा, तिर्सो दे मोलिना, काल्देरॉन यांचे. दुसरी पिकारोची कादंबरी. पिकारो म्हणजे पोटासाठी या धन्याकडून त्या धन्याकडे हिंडणारा, लबाडी करून दिवस काढणारा उडाणटप्पू. वाङ्मयाच्या इतिहासात नाटकाला मानाचे पान मिळते आणि पिकारोला जरा हसून बाजूच्या पाटावर बसवतात. मला ही पंगत उलटी मांडावीशी वाटते. माणसांनी माणसांशी कसे राहावे असे विचाराल, तर त्या नाटकांतल्या अब्रूदार सरदारांपेक्षा हा बेअब्रू पोरगा अधिक शहाणा आहे, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

आधी त्या देशाचा ताळेबंद पाहू. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात पोतोसी येथे चांदीचा डोंगरच सापडला आणि पुढे जहाजांमागून जहाजे चांदी घेऊन सेव्हिलच्या बंदराला लागू लागली. अशा देशाचा खजिना ओसंडून वाहत असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दुसऱ्या फिलिप राजाने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा कर्जफेड थांबवली. लढायांचा खर्च एवढा, की चांदी बंदरात उतरण्याआधीच ती जर्मन आणि जिनोआच्या सावकारांना देणे लागलेली असे. (१५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुटही याच घराण्याकडे होता, म्हणजे आपल्या गोव्याचा कारभारसुद्धा या कर्जबाजारी राजांच्याच नावाने चालत होता.) १६०० साली मार्तीन गोन्सालेस दे सेयोरीगो नावाच्या वकिलाने एक निवेदनच लिहून काढले. त्याचा आशय असा की देशाची संपत्ती रोख्यांत आणि हुंड्यांत वाऱ्यावर तरंगते आहे आणि माणसे मंतरल्यासारखी जगत आहेत.

या मंतरलेल्या समाजात ‘हिदाल्गो’ हा एक वर्ग होता. सरदारकीच्या अगदी खालच्या पायरीवरचा. त्याला बहुतेक कर माफ, कर्जापायी तुरुंगात टाकता येत नसे, आणि हाताने काम केले किंवा दुकान घातले तर मात्र मान जायचा. शिवाय ‘रक्ताची शुद्धता’ नावाचे एक प्रकरण होते. आपले पूर्वज ज्यू किंवा मुसलमान नव्हते हे सिद्ध केल्याखेरीज कित्येक संस्थांची दारे उघडत नसत; तोलेदोच्या कॅथीड्रलने १५४७ मध्ये तसा नियमच केला. म्हणजे माणसाची पत त्याच्या कामात नव्हतीच. ती दाखल्यांत होती आणि शेजाऱ्यांच्या तोंडी होती.

अशा वेळी, १५५४ साली, ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ नावाचे एक छोटेसे पुस्तक निघाले. लेखकाने त्यावर नाव घातले नाही आणि तो कोण यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. १५५९ मध्ये ते बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत गेले. १५७३ मध्ये काटछाट करून पुन्हा छापू दिले गेले. १९९२ साली स्पेनमधल्या बार्कारोता या गावी एका जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना भिंतीत दडवलेली काही पुस्तके हाती लागली. त्यांत या पुस्तकाची १५५४ मधली, मेदिना देल काम्पो येथे छापलेली एक प्रत निघाली. या आवृत्तीचा तोवर कुणाला पत्ताच नव्हता. घराच्या भिंतीत चिणून ठेवावे असे त्या शंभरएक पानांत काय होते?

तसे पाहिले तर एका पोराची भूक होती. लाझारो स्वतःच आपली हकिकत सांगतो. बाप पिठाच्या गिरणीत पोत्यांतले धान्य चोरणारा. आई पोराला एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. आंधळा महाबिलंदर. एकदा दोघांना द्राक्षांचा घोस मिळतो. ठरते असे, की दोघांनी आळीपाळीने एकेक द्राक्ष खायचे. दुसऱ्याच फेरीला आंधळा दोन-दोन घेऊ लागतो. लाझारो मग तीन-तीन घेतो. घोस संपल्यावर आंधळा म्हणतो, तू तीन-तीन खाल्लीस. कशावरून? मी दोन-दोन खात होतो आणि तू गप्प होतास, त्यावरून! हिशेब तपासणीचा याहून चांगला धडा मी कुठल्या प्रशिक्षणवर्गात ऐकला नाही.

आंधळ्यानंतर एक पाद्री भेटतो, तो पाव पेटीत कुलूपबंद ठेवतो. आणि मग तोलेदो शहरात तिसरा धनी मिळतो. हा हिदाल्गो. झगा नीटनेटका, कमरेला तलवार, चाल डौलदार. पोराला वाटते, आता सुटलो. घरी जाऊन पाहतो तर भिंतींखेरीज काही नाही. खुर्ची नाही, पेटी नाही, पाव तर नाहीच. दोन दिवसांत पोराच्या ध्यानात येते की आपला धनी आपल्याहून उपाशी आहे. मग उलटाच संसार सुरू होतो. चाकर गावात भीक मागून पाव आणि गाईच्या पायाचा तुकडा आणतो, आणि धनी, आपण बाहेर जेवून आलो आहोत असे दाखवत, पाहता पाहता त्यातच हात घालतो. पोर त्याला ओळख देत नाही. त्याचा मान राखून त्याला जेवू घालते.

पुढे त्या वर्षी गहू पिकत नाही आणि गावाबाहेरच्या भिकाऱ्यांना फटके मारून हाकलण्याचा हुकूम निघतो. लाझारोला भीक मागता येईना. दिवसच्या दिवस उपास. आणि त्या उपासातही हा सरदार घरातली गवताची काडी उचलतो, त्या काड्यासुद्धा घरात पुरेशा नाहीत, आणि दारात उभा राहून दात कोरू लागतो. दातांत अडकायला काही गेलेलेच नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्याला वाटले पाहिजे की स्वारी जेवून उठली आहे. आपल्याकडे ‘घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा’ असे म्हणतात, मिशीला तूप लावून ढेकर देणारेही आपल्याला माहीत आहेत. केव्हेदोच्या ‘बुस्कोन’ या कादंबरीत (ती १६२६ मध्ये छापली गेली) तर असा एक गृहस्थ पावाचा चुरा बरोबर बाळगतो आणि जेवल्यासारखे दिसावे म्हणून तो दाढीवर भुरभुरतो.

शेवटी भाडे मागणारे दारात येतात. सरदार मोठे नाणे मोडून आणतो म्हणून जातो, तो परत येत नाही. जप्तीसाठी माणसे येतात आणि पोराला विचारतात, तुझ्या धन्याची मालमत्ता काय? पोर भाबडेपणाने सांगते, त्याच्या गावी घरांची जागा आहे आणि पडका कबुतरखाना आहे. सगळे हसतात. मी अशा जप्तीच्या याद्या पाहिल्या आहेत, आणि त्यांत असे कबुतरखानेही पाहिले आहेत. पण या प्रसंगातले मला जे मोलाचे वाटते ते वेगळेच आहे. आधीच्या दोन्ही धन्यांनी पोराला छळले होते, त्यांचा त्याला तिटकारा आहे. या तिसऱ्याने त्याला काहीच दिले नाही, उलट त्याचेच खाल्ले; तरी पोराला त्याची दया येते. एवढीच इच्छा होते, की याने आपला ताठा थोडा कमी करावा. पत जिथे पोटाला मारते तिथे पोट पतीला घास देते. साऱ्या पुस्तकाचा जीव या प्रकरणात आहे.

पिकारोचा हा धागा पुढे मातेओ आलेमान याने उचलला. जन्म १५४७, सेव्हिलचा. बाप तुरुंगाचा वैद्य. स्वतः तो सरकारी खजिन्यात हिशेबनीस होता. १५९३ मध्ये त्याला आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणीत चौकशीला पाठवले. चांदी शुद्ध करायला पारा लागे. खाण फुगर या जर्मन सावकारांकडे होती आणि तिथे कैदी राबत. आलेमानने त्या कैद्यांच्या जबान्या घेतल्या. पुढे १५९९ मध्ये त्याची ‘गुझमान दे आल्फाराचे’ ही कादंबरी आली. तिचा नायक शिक्षा भोगणारा वल्हेकरी आहे. तो आपली कहाणी स्वतः सांगतो. खुद्द आलेमानही कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता. सर्व्हांतेसचे तसेच. त्याने वसूल केलेल्या कराची रक्कम ज्या सावकाराकडे ठेवली तो बुडाला, आणि १५९७ मध्ये सर्व्हांतेस सेव्हिलच्या तुरुंगात गेला. त्याच्या १६१३ मधल्या ‘रिंकोनेते आणि कोर्तादियो’ या कथेत सेव्हिलच्या चोरांचा एक संघ आहे. या संघाची वही असते. कुणाच्या तोंडावर सुरी फिरवायची, त्याचे किती ठरले, आगाऊ किती जमा, काम कुणाकडे, सारे नीट लिहिलेले. ज्याने हे लिहिले त्याने खऱ्या वह्या हाताळल्या होत्या हे सांगावे लागत नाही.

आता नाटकाकडे वळू. माद्रिदमध्ये १५७९ मध्ये ‘क्रूस’ आणि १५८३ मध्ये ‘प्रिन्सिपे’ अशी दोन कायमची नाट्यगृहे उभी राहिली. नाट्यगृहे म्हणजे घरांमधली मोकळी अंगणे. प्रयोग दुपारी, उन्हाच्या उजेडात. गरीब पुरुष अंगणात उभे राहून पाहत, बायकांना वेगळा सज्जा असे. या खेळांच्या उत्पन्नातून दवाखाने चालत. आल्माग्रो या गावी सतराव्या शतकातले असे एक अंगण आजही शाबूत आहे आणि तिथे नाटके होतात. लोपे दे व्हेगाने १६०९ मध्ये नव्या नाट्यतंत्रावर एक पद्यनिबंध लिहिला, त्यात त्याने साफ सांगून टाकले की पैसे प्रेक्षक देतात, तेव्हा त्यांना रुचेल तेच लिहावे. आणि अब्रूची कथानके सर्वांत उत्तम, कारण त्यांनी सगळेच हलून जातात.

हे नाटक थोर आहे, यात वाद नाही. १६१९ मध्ये छापलेल्या लोपेच्या ‘फुएन्तेओवेहुना’ या नाटकात सारे गाव जुलमी अधिकाऱ्याला मारते आणि मारेकरी कोण विचारले तर गावाचेच नाव सांगते. काल्देरॉनच्या ‘सालामेआचा मुखिया’ या नाटकातला पेद्रो क्रेस्पो हा श्रीमंत शेतकरी. मुलगा म्हणतो, बाबा, सरदारकीची सनद विकत घ्या. क्रेस्पो नकार देतो; पाच-सहा हजार रेआल मोजून आपण सरदार झालो, एवढेच लोकांना कळेल, असे त्याचे म्हणणे. एक कप्तान त्याच्या मुलीवर बलात्कार करतो. क्रेस्पो त्याच्यापुढे गुडघे टेकतो, सारी मालमत्ता देऊ करतो, फक्त तिच्याशी लग्न कर म्हणतो. कप्तान ऐकत नाही, तेव्हा मुखिया या नात्याने क्रेस्पो त्याला फाशी देतो. शेतकऱ्यालाही अब्रू असते, आणि ती राजाच्या मालकीची नसते, हे भर अंगणात उभ्या असलेल्या गरिबांसमोर सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. गंमत म्हणजे याच नाटकात दोन मेंदो नावाचा एक उपाशी हिदाल्गो चाकरासह हिंडतो, आणि तोही दातकोरणे मागतो. लाझारोच्या पुस्तकातली काडी सुमारे नव्वद वर्षांनी रंगभूमीवर आली!

पण या थोर नाटकाची एक बाजू मला बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांनी दिसते. पतीला तारण लागते. आणि इथे पुरुषाच्या पतीचे तारण काय, तर घरातली स्त्री. क्रेस्पोची मुलगी इसाबेल हिच्यावर अत्याचार झाला, पण नाटकाच्या शेवटी न्याय बापाला मिळतो, त्याला कायमचा मुखिया नेमतात. आणि ती मठात जाते. सोनेतारणाच्या खिडकीशी घरातली बाई हातातल्या बांगड्या काढून देते आणि कर्जाच्या कागदावर सही नवऱ्याची असते, हे मी किती वेळा पाहिले आहे. ही नाटके वाचताना मला त्या बांगड्या आठवतात.

तिर्सोच्या नावावर असलेल्या ‘सेव्हिलचा ठक’ या नाटकातून डॉन हुआन जगाला मिळाला. तो बायकांना लग्नाचे वचन देतो आणि पळतो. देवाला जाब द्यावा लागेल असे चाकर सांगतो तेव्हा तो दर वेळी व्यापाऱ्यांच्या भाषेत उत्तर देतो, की फेडीची मुदत अजून खूप लांब आहे. याच नाटकाचा जो दुसरा पाठ मिळतो, त्याचे तर नावच हे पालुपद आहे. शेवटी दगडाचा पुतळा जेवायला येतो आणि वसुली करून जातो.

आणि काल्देरॉनचे १६३७ मध्ये छापलेले ‘अब्रूचा वैद्य’. दोन गुतिएर्रेला बायकोचा, मेन्सियाचा, संशय येतो. ती निर्दोष आहे. पण कुजबुज होण्याची शक्यता हाच रोग, आणि आपण त्याचे वैद्य, असे ठरवून तो शिरा तोडणाऱ्या माणसाला डोळे बांधून आणतो आणि तिचे रक्त वाहून जाऊ देतो. राजाला खरे कळते. राजा त्याचे लग्न दुसऱ्या स्त्रीशी लावून देतो. काल्देरॉनला हे पसंत होते असे मला वाटत नाही. मला तर हे नाटक म्हणजे त्याने भरलेला खटला वाटतो, आणि तसे मानणारे अभ्यासकही आहेत. पण खटला भरला तरी नाटकाच्या आत निकाल अब्रूच्याच बाजूने लागतो. पडदा पडताना मेन्सिया मेलेली असते आणि गुतिएर्रेची पत शाबूत असते.

याच्या शेजारी लाझारोचा शेवट ठेवून पाहा. पाणी विकून चार वर्षांत जमवलेल्या पैशांतून त्याने जुने कपडे आणि तलवार घेतली. मग दवंडी पिटण्याची सरकारी नोकरी मिळवली. एका वरिष्ठ पाद्र्याने आपल्या मोलकरणीशी त्याचे लग्न लावून दिले. ती पाद्र्याकडे जाते-येते यावरून गावात बोलवा आहे. कुणा बड्या माणसाने त्याबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवला आहे, आणि हे सारे पुस्तक म्हणजे तो खुलासा! लाझारो म्हणतो, माझी बायको तोलेदोतल्या कुणाही बाईइतकी चांगली आहे, जो उलट बोलेल तो माझा मित्र नव्हे. आणि मी सुखात आहे.

यावर कुणी म्हणेल, यात कसले शहाणपण? त्याने तर लाज विकून भाकरी घेतली. लेखकही त्याच्यावर हसतो आहे. खरे आहे. पाद्र्याकडून घरी गहू येतो, म्हणून लाझारो डोळे मिटतो. आणि त्या बायकोला काय वाटते हे पुस्तक आपल्याला फारसे सांगत नाही. पिकारो म्हणजे संत नव्हे. केव्हेदोसारखा सरदार लेखक तर पिकारोला वर चढू पाहिल्याबद्दल हाणूनच काढतो. पण मी सोपा प्रश्न विचारतो. त्या काळच्या स्पेनमधली ही दोन घरे. दोन्हींविषयी गाव बोलते आहे. एका घरात नवरा गावाचे ऐकतो, दुसऱ्यात ऐकत नाही. या दोहोंपैकी ज्या घरात बाई जिवंत आहे, ते घर मला अधिक अब्रूदार वाटते.

हा चारशे वर्षांपूर्वीच्या परदेशातला वाद आहे असे म्हणून पान उलटता आले असते तर बरे झाले असते. पण जातीबाहेर लग्न केले म्हणून बापाने, भावाने मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचाव्या लागतात. २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला असे प्रकार रोखण्यासाठी सरकारांना आणि पोलिसांना आदेश द्यावे लागले. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले जाते: लोक काय म्हणतील. गुतिएर्रेचेही कारण हेच होते. त्याला मात्र काल्देरॉनची भाषा लाभली होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच. काल्देरॉन, लोपे जरूर वाचा. क्रेस्पोसमोर मान लवल्याखेरीज राहत नाही. पण आधी लाझारोचे ते बारीकसे पुस्तक वाचा. इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात आणि एका दुपारी वाचून होते. द्राक्षांची गोष्ट मुलांना सांगा, खूश होतील. मुले निजल्यावर त्या उपाशी सरदाराचे प्रकरण घरातल्या मोठ्यांनी मिळून वाचावे, आणि आपल्या घरात अशी काडी कोण कोण हातात धरून उभे आहे, आणि त्यांच्या पोटात शेवटचा घास कुणाच्या वाट्याचा गेला आहे, याचा एकदा हिशेब करावा.